स्पिटफायर हे लढाऊ विमान शर्यतीच्या विमानातून जन्मलं, हे कितपत खरं?

विमान नाही, इंजिन आलं. आणि तेही सरळ नाही, आडवळणाने.

एवढंच विचारलं असतंत तर इथेच थांबलो असतो. पण तुम्ही खाली लिहिलंय की कॉलेजात आलेल्या एका पाहुण्यांनी सुपरमरीन या इंग्रज कंपनीचं एस.६बी हे शर्यतीचं विमान आणि स्पिटफायर यांची चित्रं शेजारी शेजारी लावून मधे एक बाण काढला. आणि आता तुम्हाला प्रश्न पडलाय की भारताने अशा शर्यती भरवल्या तर आपल्याकडेही लढाऊ विमानाचं इंजिन तयार होईल का. तो बाण माझ्या ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निवृत्त होईपर्यंत मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका डिझेल इंजिनांच्या कारखान्यात टेस्ट बेडवर होतो, म्हणजे इंजिन जमिनीवर बसवून चालवून तपासतात तिथे. नवीन इंजिन यायचं होतं तेव्हा डिझाइनच्या साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून हीच दोन चित्रं दाखवली. दोन्ही विमानांचा डिझाइनर मिचेल नावाचा एक हुशार माणूस, १९३१ ची श्नायडर ट्रॉफी ही सागरी विमानांची शर्यत, १९३६ चं स्पिटफायर. सांगायचं होतं ते हे, की ड्रॉइंग चोख असलं की बाकी सगळं आपोआप जमतं. पुढच्याच आठवड्यात एंड्युरन्स टेस्टचे, म्हणजे इंजिन किती टिकतं ते बघायला सलग चालवायचे, तास निम्म्यावर आले. मी हरकत घेतली तर "तुमचं काय, डिझेल ओतायचं आणि तास मोजायचे" असं ऐकून घ्यावं लागलं, तेही ट्रेनी पोरांसमोर.

आता त्या बाणाकडे या. एस.६बीचे पंख तारांनी ताणून धरलेले होते, खाली पाण्यावर उतरायला दोन मोठे तराफे, आणि रेडिएटर म्हणजे पंखांचा आणि तराफ्यांचा पत्राच. स्पिटफायरला एकही तार नाही, चाकं पंखात मिटतात आणि रेडिएटर पंखाखालच्या बोगद्यात बसवलेला. दोन्हींच्या मधे १९३४ साली सुपरमरीनचं आणखी एक विमान उडालं होतं, टाइप २२४. ते स्लाइडवर कधीच नसतं. जाडजूड पंख, न मिटणारी चाकं, आणि गॉशॉक इंजिन, ज्याचं पाणी उकळू द्यायचं आणि वाफ पंखात थंड करून परत आणायची. ते परत येणारं पाणी इतकं गरम असायचं की पंपातच त्याची पुन्हा वाफ व्हायची. विमान फसलं. मिचेलचं शर्यतीनंतरचं पहिलं लढाऊ विमान हे. नुसत्या रेषेची करामत असती तर हे मधेच कुठून उगवलं? स्पिटफायरच्या त्या प्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंखातही मिचेलचा सहकारी बेव्हर्ली शेनस्टोन याचा मोठा वाटा आहे.

मग शर्यतीतून आलं काय? ते रोल्स-रॉइसच्या डर्बीच्या कारखान्यात, टेस्ट बेडवर बघायचं. त्यांचं बझर्ड नावाचं ३६.७ लिटरचं इंजिन होतं, साधारण ८२५ अश्वशक्तीचं. त्याच मापातून त्यांनी शर्यतीसाठी 'आर' इंजिन केलं. १९२९ मध्ये १९०० अश्वशक्ती आणि १९३१ मध्ये २३५०. इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर मोठा, फेरे जास्त, आणि इंधन म्हणजे बेंझॉल वगैरेचं खास मिश्रण, त्यात शिशाचं संयुग. कागदावर हे आकडे कोणीही लिहील. बेडवर एक तास पूर्ण थ्रॉटलवर टिकायला हवं अशी अट होती, आणि त्या एका तासासाठी इंजिनामागून इंजिन फुटलं. फुटलं की खोलायचं, तुटलेला पार्ट मजबूत करायचा, पुन्हा चढवायचं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचंच घ्या. जळणारा वायू त्याच्याच अंगावरून जातो, त्यामुळे तो लालबुंद होतो, आणि उष्णता बाहेर पडायला सीट आणि गाइड एवढ्या दोनच वाटा. १९३१ च्या 'आर'मध्ये हे व्हॉल्व्ह आतून पोकळ करून त्यांत सोडियम भरलं होतं. सोडियम ९८ अंशाला वितळतं. व्हॉल्व्ह वरखाली झाला की ते आत हिंदकळतं, डोक्याकडची उष्णता दांड्यात आणून सोडतं आणि तिथून ती गाइडमधून निघून जाते. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनातही असेच व्हॉल्व्ह होते. कल्पना मुळात रोल्स-रॉइसची नाही, पण ती जिवावर बेतेल इतक्या गरमीत वापरून बघायची संधी शर्यतीने दिली. अशी शिकवण बाण काढून दाखवता येत नाही.

आमचं इंजिन बाजारात गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जेनसेट परत यायला लागले. हेड उघडलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने गेलेली, उंदराने भाकरी कुरतडावी तशी, आणि सीटवर पांढुरकी जळकी रेघ. पूर्ण तास चालवले असते तर हे बेडवरच दिसलं असतं. ते व्हॉल्व्ह मी धुऊन ओळीने टेबलावर मांडले आणि साहेबांना बोलावलं. ते आले, पाहिलं आणि म्हणाले, सप्लायरला पत्र लिहा.

इटलीचं उदाहरण मी त्या हॉलमध्येच त्यांना द्यायला हवं होतं, पण तोवर सगळे चहाला उठले होते. माकी एमसी-७२ हे त्यांचं शर्यतीचं विमान, डिझाइनर मारियो कास्तोल्डी. पुढेमागे जोडलेली दोन व्ही-१२ इंजिनं, एकूण २४ सिलिंडर. बेडवर उत्तम चालायचं आणि हवेत गेलं की कार्ब्युरेटरमधून उलटं भडकायचं. १९३१ च्या सरावात दोन वैमानिक गेले आणि इटली शर्यतीला उतरूच शकली नाही. नंतर रॉड बँक्स या इंग्रज इंधनतज्ज्ञाला बोलावलं, ज्याने 'आर'चं मिश्रण केलं होतं त्यालाच. कारण सापडलं ते असं: हवेत त्या वेगाने समोरचा वारा तोंडात कोंबला जातो आणि मिश्रण बिघडतं, बेडवर तो वाराच नव्हता. दुरुस्ती झाल्यावर २३ ऑक्टोबर १९३४ ला आजेल्लो या वैमानिकाने त्यातून ताशी ७०९ किलोमीटर गाठले. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानाचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. आणि १९४० मध्ये हाच देश युद्धात उतरला तेव्हा कास्तोल्डीच्याच एमसी-२०० या लढाऊ विमानाला साडेआठशेच्या आसपास अश्वशक्तीचं रेडियल इंजिन होतं. चांगलं इंजिन हवं म्हणून शेवटी जर्मनांचं डाइमलर घ्यावं लागलं, तेव्हा कुठे एमसी-२०२ झालं. जगातलं सगळ्यात वेगवान विमान होतं, उत्कृष्ट डिझाइनर होता, शर्यतीही होत्या. मग अडलं कुठे? शर्यतीचं इंजिन रोज वापरायचं इंजिन कधी झालंच नाही.

इंग्रजांचं नेमकं उलट. १९२३ ची ट्रॉफी अमेरिकन कर्टिसने डी-१२ इंजिनावर जिंकली, फेअरी या इंग्रज कंपनीने ते इंजिन विकत घेऊन फॉक्स बाँबर केला, इंग्रज सरकारने एक डी-१२ रोल्स-रॉइसपुढे ठेवलं आणि त्यातून केस्ट्रेल इंजिन आलं. २७ लिटरचं मर्लिन त्या वळणाचं. 'आर'चा खरा वारस ग्रिफन, तेच ३६.७ लिटर, जे पुढच्या स्पिटफायरमध्ये बसलं. आपल्या हवाई दलाकडेही ग्रिफनवाली स्पिटफायर होती.

आता काही गोष्टी राहिल्या, नाहीतर कोणी तरी खाली येऊन सांगेलच. मिचेलला मी कमी लेखत नाही. वेगात पंख कसा थरथरतो, पत्रा कुठे सुटतो, हे त्याला शर्यतीनेच शिकवलं. १९४० च्या हवाई लढाईत स्पिटफायरने वापरलेलं १०० ऑक्टेन पेट्रोल म्हणजे शर्यतीचं मिश्रण नव्हे, तो वेगळा विषय. आणि १९१४ मध्ये तो बाण खरा होता: मोनॅकोला हीच ट्रॉफी जिंकलेल्या सॉपविथ टॅब्लॉइडच्याच जातीची विमानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीवर गेली आणि त्यातल्या एकाने ड्युसेलडॉर्फला शेडमध्ये उभं असलेलं झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज जाळलं. तेव्हा शर्यतीचं आणि लष्करी विमान यांत फारसा फरकच नव्हता.

भारताचं म्हणाल तर शर्यतीचा खर्च कोणी करायचा हे मला विचारू नका. १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारनेही हात वर केले होते, लेडी ह्यूस्टन या बाईंनी एक लाख पौंड दिले म्हणून विमान उडालं. पण लढाऊ विमानासाठी केलेलं आपलं कावेरी इंजिन उंचीवर तपासायला रशियाला न्यावं लागलं, कारण तशी सोय इथे नव्हती. शर्यतीआधी ती सोय करा. आणि तुम्ही मेकॅनिकलला असाल तर कॅम्पसला येणाऱ्या कंपनीला पगाराआधी विचारा, तुमच्याकडे इंजिन तपासायच्या खोल्या, म्हणजे टेस्ट सेल, किती, आणि टेस्टिंगच्या माणसाने नाही म्हटलं तर इंजिन थांबतं का?