फँटसी एफ-वनमधली पहिली टीम

फँटसी एफ-वन म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींवरचा ऑनलाइन खेळ: आपण टीम निवडायची आणि खऱ्या शर्यतींच्या निकालावर गुण मिळवायचे. 100 मिलियनच्या आभासी बजेटमध्ये 5 ड्रायव्हर आणि 2 कन्स्ट्रक्टर (म्हणजे गाड्या उतरवणारे संघ) बसवायचे, म्हणजे तीन महागडे ड्रायव्हर घ्यायचा मोह आवराच. उरलेल्या पैशांत मग शेपटाच्या गाड्याच हाती लागतात. त्यापेक्षा आधी दोन्ही कन्स्ट्रक्टर भक्कम घ्या. त्यांना दोन्ही गाड्यांचे गुण मिळतात, शिवाय पिट स्टॉपचेही, म्हणजे शर्यतीत टायर बदलायला घेतलेल्या थांब्याचे.

स्वस्तातला ड्रायव्हर निवडताना क्वालिफायिंगमध्ये (सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) मागे राहून शर्यतीत पुढे सरकणारा बघा. चौदाव्या जागेवरून सुटून नववा आला, तर नवव्या क्रमांकाचे 2 आणि कमावलेल्या जागांचे 5, शिवाय ओव्हरटेकचे वेगळे. मोनॅकोत मात्र हे गणित चालत नाही, तिथे पुढे जायला जागाच नसते. टीम लॉक होते, म्हणजे बदल बंद होतात, क्वालिफायिंगआधी; स्प्रिंट (छोटी शर्यत) असेल तर स्प्रिंटआधी. नवखे हमखास इथेच चुकतात. शुक्रवारचा सराव बघूनच बदल करा.

टीमइतकीच एफ-वनच्या इतिहासावरच्या प्रश्नमंजुषांची हौस असेल, तर तिथे फसवते ती गुणपद्धत. 2005 च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत मिशेलिन टायरच्या गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (सुरुवातीआधीच्या संथ फेरीनंतर) पिटमध्ये वळल्या, शर्यतीत उरल्या 6. आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. गुण किती? आजच्या हिशेबाने 12 म्हणाल, पण तेव्हा चौथ्याला 5 मिळायचे. म्हणून 1991, 2003 आणि 2010 ला बदललेले गुणांचे तक्ते पाठच करा. कन्स्ट्रक्टरचं विजेतेपद 1958 पासूनचं, हेही. त्याआधीचं साल पर्यायात दिसलं की खुशाल काट मारा.