थाळ्या-डबे वाजवून टोळधाड खरंच पळते का? आणि नुकसान खरंच इतकं होतं का?

पळते, पण बाजूच्याच्या वावरात जाऊन बसते.

मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातला, आमची संत्र्याची बाग आहे. मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे टोळधाड आली तेव्हा लॉकडाऊनमुळे घरीच होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. मोर्शी-वरुडला टोळ आल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आधीच फिरत होते. दुपारी चारच्या सुमारास आधी वाटलं वावटळीत पाचोळा उडतोय, पण पाचोळा खाली पडतो, हे येतच राहिले. गुलाबीसर रंगाचे, बोटाएवढे. जवळ गेलं की पानं खाण्याची बारीक करकर ऐकू यायची आणि थोड्या वेळात शेंड्याच्या कोवळ्या पानांची फक्त मधली शीर उरलेली. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांची, बोराएवढी फळं होती झाडावर, ती खाली पडायला लागली तेव्हा बाबा काही बोललेच नाहीत.

मग आईने परात घेतली, मी पत्र्याचा डबा, धुऱ्यावर म्हणजे बांधावर ओला कचरा पेटवून धूर केला. अर्ध्या तासात थवा उठला आणि शेजारी काकांच्या वांग्यात उतरला. काकांकडच्यांनी ढोल वाजवला तर परत आमच्याकडे. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा आम्हाला दोघांनाही एकमेकांचा राग येत होता.

खरा इलाज रात्रीचा असतो. टोळ दिवसा वाऱ्याबरोबर उडतात, दिवसाला १०० ते १५० किमी सुद्धा जातात, पण अंधार पडला की झाडांवर बसतात आणि सकाळी ऊन लागून अंग तापेपर्यंत उडता येत नाही, तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. म्हणून आम्ही आणि काका टॉर्च घेऊन कुठल्या ओळीत बसलेत ते बघून आलो आणि कृषी सहायकांना फोन केला, मग पहाटे अग्निशमनची गाडी आणि गावातल्यांचे ट्रॅक्टरचे ब्लोअर लावून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारलं. सकाळी झाडाखाली मेलेल्या टोळांचा थर होता. आईने दोन-तीन दिवस कोंबड्या बाहेर सोडल्या नाहीत, औषधाचे टोळ खातील म्हणून.

आता नुकसानीचं. एक टोळ दिवसाला साधारण स्वतःच्या वजनाइतकं म्हणजे २ ग्रॅम खातो, ऐकायला काहीच नाही, पण १ चौरस किमीच्या थव्यात ४ कोटी टोळ असू शकतात आणि तेवढा थवा एका दिवसात ३५,००० माणसांचं अन्न फस्त करतो असा एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा हिशोब आहे. विदर्भ त्या वर्षी वाचला तो वेळेमुळे, मे महिन्यात कपाशी-सोयाबीनची वावरं रिकामी होती, संत्रा, भाजीपाला असं जे उभं होतं त्यालाच फटका बसला. हेच टोळ ऑगस्टमध्ये आले असते तर? गुजरातमध्ये बनासकांठाला डिसेंबर २०१९ मध्ये आले तेव्हा जिरं, मोहरी, एरंडी सगळं शेतात उभं होतं, त्यांचे हाल विचारू नका.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं तर अरबस्तानच्या वाळवंटातून. २०१८ मध्ये तिथे मेकुनू आणि लुबान अशी दोन चक्रीवादळं धडकली, वाळू ओली झाली, आणि टोळांना अंडी घालायला ओली वाळूच लागते. एरवी हा किडा एकटा राहतो, पण गर्दी झाली की रंग बदलतो, वागणं बदलतं आणि थवा करून निघतो. त्या निर्जन भागात कोणाचं लक्षच गेलं नाही, पुढे येमेनमध्ये युद्ध चालू त्यामुळे फवारणी कोण करणार, आणि दोन वर्षांनी ते काटोलला.

तुमच्याकडे कधी आलेच तर दिवसा वाजवा, नाही म्हणत नाही, हातावर हात ठेवून कोणालाच बसवत नाही. पण संध्याकाळी ते कुठल्या नाल्याकाठी, कुठल्या झाडांवर बसले ते नीट बघून ठेवा आणि त्याच रात्री कळवा, वावर दुसऱ्याचं असलं तरी. आणि फवारलेल्या वावरातली भाजी लगेच खाऊ नका, काकांनी तोडायला आलेली वांगी तशीच उपटून टाकली होती.