कमी पैशात समुद्रातलं उजाड झालेलं जीवन पुन्हा कसं उभं करता येईल?

समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला, तोही चौपाटीवरून. मी गोंदिया जिल्ह्यातला. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, पण बोड्या-तलावांतली. तरी उत्तर देतोय, कारण हाच प्रश्न आम्हाला गावच्या मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, म्हणून मामा) पडला होता, आणि पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो.

तलावात वनस्पती उरल्या नव्हत्या, म्हणून मासेही नव्हते. शेजारच्या गावातून देवधान (रानटी भात) आणि वॅलिसनेरिया (पाण्याखाली वाढणारी गवतासारखी वनस्पती) बंडीत भरून आणलं, पावसाळ्याच्या तोंडी लावलं. महिन्याभरात रोपं तरंगत काठाला लागली. तळ उन्हानं आणि गुरांच्या खुरांनी दगड झालेला, मुळं धरणार कशात? पाळीवर बसलेली एक आजी म्हणाली, "चिखल केल्याबिगर बांधीत रोवणा होते का गा?" (बांधी म्हणजे धानाचं शेत, रोवणा म्हणजे लावणी.) धानाच्या मुलखात हे आम्हाला सुचू नये! पुढच्या उन्हाळ्यात आधी बेशरम नावाचं माजलेलं झुडूप मुळासकट उपटलं, तळ नांगरला, मग पावसाळ्यात रोपं लावली. ती टिकली. (मच्छीमार सोसायटीला हात जोडून सांगितलं, गवत्याची, म्हणजे ग्रास कार्पची, बोटुकली सोडू नका. तो मासा सगळं चरून टाकतो.)

तेव्हा रोपांवर रुपया घालण्याआधी एकच गोष्ट शोधा: तिथे बी येत नाही, की बी येतं पण जागा बिघडली आहे?

फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षं खारफुटीची लागवड झाली, आणि जगली साधारण 10 ते 20 टक्के. बरीचशी रोपं उघड्या चिखलावर लावली होती, जिथे खारफुटी मुळात उगवतच नाही. ती तिथे फार वेळ पाण्याखाली राहतात. उलट जिथे बांधानं भरतीचं पाणी अडलंय, तिथे वाट मोकळी करून दिली आणि शेजारी जुनी झाडं असली, तर बी भरतीबरोबर स्वतःच येतं. खर्च खोदकामाचा. मात्र बांधामागे कुणाची खारजमीन आहे का ते बघा, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत उलटं होतं. 1930च्या दशकात रोग आणि वादळानं तिथलं सागरी गवत संपलं. पुढे पाणी चांगलं होतं, पण बी येणार कुठून? 1999 पासून 7 कोटींहून जास्त बिया गोळा करून होड्यांतून फेकल्या, बरंच काम स्वयंसेवकांनी केलं. पेरणी सुमारे 213 हेक्टरवर, आणि 2020 पर्यंत गवत पसरलं 3,600 हेक्टरच्या आसपास. उरलेलं गवतानंच केलं.

गंमत म्हणजे सागरी गवत हे शेवाळ नव्हे, फुलं येणारी वनस्पती आहे. हॅलोफिला नावाचं सागरी गवत तर आमच्या वॅलिसनेरियाच्याच कुळातलं, म्हणजे आमचं चुलतघराणंच समजा.

पहिल्या दोन महिन्यांत काहीच विकत घेऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या कोळ्यांना आणि कोळणींना विचारा, कुठे काय होतं, कधी गेलं. शेजारची धडधाकट खाडी ओहोटीला चालून बघा, खारफुटी किती उंचीवर उभी आहे ते काठीनं मोजा. मग तुमच्या जागेवर तीच काठी रोवा, म्हणजे उंची जुळते का ते दिसेल.