बारावी कॉमर्स मराठी माध्यमातून केलंय, सीए व्हायचंय. मुंबईला बीएएफ घेऊ की सांगलीतच बी.कॉम.?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावीला ८४ टक्के, घर सांगलीत, वडील म्हणतात बीएएफला मान आहे, मुंबईला जा. तुला सीए करायचंय आणि इंग्रजीची धास्ती वाटतेय. एकेरीत लिहिते, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

सीए करायचं खरंच ठरलं असेल तर सांगलीतच बी.कॉम. कर. मी स्वतः बीएएफ केलंय, तेही चिपळूणहून येऊन डोंबिवलीला आत्याकडे राहून. तेव्हा हा सल्ला आंबट द्राक्षांतला नाही.

बीएएफ म्हणजे मुंबई विद्यापीठाची बी.कॉम.चीच पदवी, फक्त पुढे अकाउंटिंग अँड फायनान्स लागतं. साध्या बी.कॉम.ला अकाउंट्सबरोबर वाणिज्य, अर्थशास्त्र आणि इतर बरंच काही असतं. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला फायनान्शियल अकाउंटिंग, सोबत कॉस्टिंग, ऑडिटिंग, टॅक्स, फायनान्शियल मॅनेजमेंट, आणि शेवटी एक प्रोजेक्ट. अभ्यासक्रम चांगला आहे, यात वाद नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची मांडणी आता बदलली आहे, त्यामुळे प्रवेश घेतलास तर ताजा अभ्यासक्रम बघून घे. पण कोर्स विनाअनुदानित, म्हणजे फी अनुदानित तुकडीच्या कितीतरी पट. त्यात मुंबईतली खोली, डबा, लोकलचा पास. आणि हजेरी! आमच्या वेळी ७५ गुण लेखी आणि २५ अंतर्गत. त्या २५ साठी असाइनमेंट, प्रेझेंटेशन, गटचर्चा असं काही ना काही सतत मानगुटीवर. माझा सीएच्या इंटर परीक्षेचा पहिला प्रयत्न गेला त्यात माझा आळस होताच, पण परीक्षेच्या तोंडावर मी 'टीम बिल्डिंग'चे तक्ते रंगवत बसले होते हेही तितकंच खरं.

सीएच्या परीक्षेत पदवीचं नाव कोणी विचारत नाही. टप्पे तीन: फाउंडेशनचे चार पेपर, इंटरचे सहा, फायनलचे सहा. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. (फाउंडेशनला पेपर चार असले तरी गणित आणि अर्थशास्त्र बहुपर्यायी असतं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मराठी माध्यमातली मुलं इथे उगाच ठोकून देतात आणि फसतात.) आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली करायची उमेदवारी, पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली, आणि ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. म्हणजे तुझी पहिली दीड-दोन वर्षं निव्वळ अभ्यासाची. ती कमी हजेरीच्या, कमी खर्चाच्या, घरच्या जेवणाच्या ठिकाणी काढलेली बरी. बी.कॉम. ५५ टक्क्यांनी पास होऊन फाउंडेशन न देता थेट इंटरलाही जाता येतं, पण त्यात तीन वर्षं जातात. तू आत्ताच बारावी झालायस, त्या वाटेला जाऊ नकोस.

आता इंग्रजीचं. सीएच्या परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येतात, मराठीत नाही. म्हणून इंग्रजी टाळून चालणार नाही. पण तुला वाटतंय तेवढा मोठा डोंगर तो नाही. बीएएफच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर 'आउटस्टँडिंग सॅलरीज' लिहिलं. मला वाटलं, उत्कृष्ट पगार! मागच्या बाकावर बसून अर्धा तास विचार करत होते की उत्कृष्ट पगार देण्यांच्या बाजूला कशाला लिहायचे. मग डोक्यात उजेड पडला: अरे, हा तर आपला अदत्त पगार. त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, पूर्वदत्त खर्च म्हणजे प्रीपेड, बुडीत कर्ज म्हणजे बॅड डेट्स, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. दिवाळीपर्यंत पान भरलं आणि नंतर त्याची गरज पडली नाही. शब्द दोनशेच्या आसपास असतात. खरी अडचण कायद्याच्या पेपरला येते, कारण तिथे वाक्यंच्या वाक्यं लिहावी लागतात. त्यासाठी रोज एक उत्तर हाताने लिहून काढण्याशिवाय दुसरा उपाय मला सापडला नाही.

उलट मराठीतून पुस्तपालन शिकल्याचा एक फायदा आहे, तो इंग्रजी माध्यमवाल्यांना मिळत नाही. 'घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा' हे आपल्याला ऐकताक्षणी कळतं. डेबिट-क्रेडिट म्हटलं की माझ्या वर्गातल्या मुलींना आधी एटीएमचा मेसेज आठवायचा. आता घरातलं पासबुक काढ. तू बँकेत २,००० भरलेस तर पासबुकात ते 'जमा'च्या रकान्यात दिसतील. पण तू स्वतःची वही लिहीत असशील तर हेच २,००० बँकेच्या खात्याला 'नावे' लिहिशील. असं का? तुझ्या वहीत घेणारी बँक आहे, म्हणून तिच्या नावे. बँकेच्या वहीत देणारा तू आहेस, म्हणून तुझ्या जमा. पासबुक ही तुझी वही नाहीच, ती बँकेच्या वहीतल्या तुझ्या खात्याची नक्कल आहे. हे वाचून 'अरेच्चा' वाटलं असेल तर या विषयात तुझा जीव रमेल. 'बरं मग?' वाटलं असेल तर आत्ताच थांबून पुन्हा विचार कर; हे मी चिडून नाही, मनापासून सांगतेय.

कारण पदवीत, कोणतीही असो, गणित सुटलेलं मिळतं. प्रश्नात सगळे आकडे दिलेले असतात आणि ताळेबंद जुळायलाच बांधलेला असतो. बाहेर तसं नसतं. आर्टिकलशिपच्या दुसऱ्या महिन्यात मला भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याकडे बँक जुळवणीला बसवलं. बँकेचं स्टेटमेंट आणि टॅली या सॉफ्टवेअरमधला हिशेब यांत १८० रुपयांचा फरक. न वटलेले चेक धरले, बँकेचे चार्जेस धरले, तरी १८० जागचे हलेनात. दुपारचे चार वाजले. तिथले अकाउंटंट काका चहा घेता घेता म्हणाले, "किती आहे फरक?"

"१८०."

"नवानं भाग जातो?"

"वीस वेळा."

"मग आकडे उलटे पडलेत कुठंतरी. शतक-दशकाचे. दोघांत दोनचा फरक असंल असे शोध."

पाच मिनिटांत सापडलं. चेक ५,६४० चा, टॅलीत नोंद ५,४६० ची. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नवाने भाग जातोच. तसंच एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाची निमपट करून ती रक्कम शोधायची. हे शाळकरी गणित आहे, पण तीन वर्षांच्या पदवीत मला कोणी सांगितलं नव्हतं. काका स्वतः बारावी नापास होते.

१८० रुपयांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा आठवतो का? तू तेव्हा अगदीच लहान असशील. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली की पुस्तकांत रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी दिसते, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँक शिल्लक! ताळेबंदातली सगळ्यात सोपी ओळ, जिच्यावर वर्गात कोणी दोन मिनिटंही घालवत नाही. म्हणून ऑडिटमध्ये शिल्लक किती हे कंपनीने दाखवलेल्या कागदावर भागत नाही, बँकेकडून थेट पत्र मागवतात. आर्टिकलला हे काम फार कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटायचं.

सांगलीत हे शिकता येईल का, तर नक्कीच. इन्स्टिट्यूटची शाखा गावातच आहे. हळदीचे व्यापारी, तासगावकडचे बेदाणेवाले, साखर कारखाने, पतसंस्था असे पक्षकार असलेल्या फर्ममध्ये आर्टिकलला पहिल्या दिवसापासून व्हाउचरची फाईल हातात मिळते. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये दोन वर्षं एकाच बँकेच्या कर्जखात्यांचे नमुने तपासत बसलेली माझी मैत्रीण आहे. नाव मोठं मिळालं, पण साधं जीएसटीचं विवरणपत्र तिने कधी भरलं नव्हतं. तरी तुला पुढे मोठ्या कंपन्यांचं ऑडिट करायची हौस असेल तर इंटर सुटल्यावर मुंबई-पुण्याला जा. तेव्हा जाण्याला अर्थ आहे. स्टायपेंडवर तिथे राहणं भागत नाही, घरून पैसे लागतील, हे वडिलांशी आधीच बोलून ठेव. बीएएफचे वाचलेले पैसे तिथे कामी येतील.

सीए करायचं नसेल, किंवा नक्की नसेल, तर माझं मत बदलेल. मग बीएएफ चांगलं. पदवी झाल्याझाल्या मुंबईत फंड अकाउंटिंग (गुंतवणूक फंडांचे हिशेब), केपीओ (दुसऱ्या कंपन्यांचं जाणकारीचं काम करून देणाऱ्या कंपन्या), बँकांची बॅक ऑफिसं अशा ठिकाणी घेतात आणि कॉलेजात कंपन्या येतात. सोबत एक्सेल नीट शिकावं लागेल, नुसती बेरीज-वजाबाकी नाही. फायनान्स म्हणजे शेअर बाजार अशा समजुतीने येणाऱ्यांची मात्र पहिल्याच सेमिस्टरला निराशा होते.

आणि एक तारीख. फाउंडेशनला बसण्याआधी नोंदणी होऊन चार महिने झालेले लागतात. परीक्षा जानेवारी, मे, सप्टेंबर अशा तीनदा होतात. बारावीच्या निकालापर्यंत थांबला असशील तर सप्टेंबर हातचा गेला, कारण त्याची नोंदणी १ मेपर्यंत असते. जानेवारीसाठी १ सप्टेंबरच्या आत नोंदणी करून टाक, प्रवेश कुठेही झालेला असो. गणपतीच्या गडबडीत ती तारीख विसरणारी मुलं मी दरवर्षी बघते.