जुन्या वाड्याच्या सागवानी दारातून आणि शिसवी पलंगातून अकूस्टिक गिटार करता येईल का?

प्रश्न असा आहे की, गावचा वाडा उतरवताना निघालेले सागवानी दार आणि पणजोबांचा शिसवी पलंग यांपासून अकूस्टिक गिटार करून घ्यायची आहे. तर कोणते लाकूड कुठे वापरावे, सागाचा आवाज कसा येईल आणि खर्च किती होईल?

सागाच्या दाराची तबली करू नका. तबली म्हणजे गिटारीची पुढची फळी, जिच्यावर घोडी, म्हणजे तारा अडकवायचा लाकडी तुकडा, चिकटवलेली असते. हा शब्द तंबोऱ्याचा आहे आणि माझ्या तोंडी तोच बसला आहे, कारण लाकडातून आवाज कसा काढतात हे मी पहिल्यांदा मिरजेत पाहिले. आमचे घर सावंतवाडीचे. वडील आणि थोरले काका दोघेही सुतार. मी दहावीत असताना भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची तबली तडकली, म्हणून वडील तो घेऊन मिरजेला गेले आणि मला सोबत नेले. तिथला कारागीर तुनाच्या लाकडाची नवी तबली तासत होता. चार-सहा ढलप्या काढल्या की तो हत्यार खाली ठेवी, तबलीवर टिचकी मारून कान लावी आणि मग पुढची ढलपी कुठून काढायची ते ठरवी. परतीच्या एसटीत वडील म्हणाले, “आपण लाकूड ठेवतो ते भार पेलण्यासाठी, हे लोक लाकूड काढून टाकतात ते आवाजासाठी.” हा फरक काकांनी कधीच मान्य केला नाही आणि आमच्या घरातला वाद तिथूनच सुरू झाला.

काकांचे म्हणणे आजही असे आहे की, सागाला वाळवी लागत नाही, साग पावसात फुगत नाही, तेव्हा ज्या वस्तूला टिकायचे आहे ती सागाचीच असावी. दारे, खिडक्या आणि होड्या यांच्याबाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण तबलीचे काम दाराचे नाही. पोलादी तारांचा नेहमीचा हलका संच सुरात लावला की घोडीवर सुमारे सत्तर किलोचा ताण येतो, म्हणजे एक मोठा माणूस दिवसरात्र त्या फळीला ओढत असतो. आणि तरीही ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असावी लागते, कारण बोटाने छेडलेल्या तारेत शक्ती ती केवढी, तेवढ्यावर तिला हलायचे असते. हलके असूनही ताठ असणारे लाकूड इथे लागते. स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण 400 ते 450 किलो भरते, सागाचे 650च्या आसपास. मी पुढे एकदा दोन्ही लाकडांच्या तबल्या एकाच मापाच्या आणि एकाच जाडीच्या करून तराजूवर ठेवल्या, तेव्हा स्प्रूसची एकशे साठ ग्रॅमच्या आत भरली आणि सागाची दोनशे चाळीसच्या वर. वजन कमी करायला सागाची फळी आणखी पातळ करावी, तर फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा दहा टक्क्यांवर न थांबता सत्तावीस टक्के जातो, आणि घोडीपाशी पोट निघते.

आता माझ्या पहिल्या गिटारीविषयी सांगतो, कारण लाकूड निवडणे म्हणजे झाडाचे नाव निवडणे नव्हे, हे मला तिने शिकवले.

2011च्या जूनमध्ये माझा आतेभाऊ जर्मनीहून येताना स्प्रूसच्या दोन फळ्या घेऊन आला. एकच जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब वाटत होत्या. वडिलांनी फळीचे टोक आधी पाहिले. वर्षवलये पृष्ठभागाला काटकोनात उभी होती, म्हणजे काप उभा होता. मग त्यांनी फळी खिडकीपाशी तिरपी धरून मला रेषांच्या आडवी जाणारी रेशमी झाक दाखवली. ती झाक उभ्या कापाशिवाय दिसत नाही. शेवटी वरच्या कडेपासून थोड्या अंतरावर दोन बोटांत फळी लोंबती धरून त्यांनी मध्यावर टिचकी मारली, तेव्हा साध्या लाकडासारखी ठप्प न येता घंटेसारखी लांबत जाणारी गाज आली. काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “खोक्याचे लाकूड आहे, नख रुततंय.” नख रुतत होते, हे खरे आहे.

त्या वर्षी काकांना चतुर्थीपूर्वी कारखान्यातली जागा मोकळी हवी होती, आणि त्यांच्या घाईपुढे मी मान तुकवली. सावंतवाडीच्या ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते आणि मीठ वाटीत पाझरते. अशा हवेत तीन आठवडे उघड्या पडलेल्या तबलीला मी आतून पट्ट्या चिकटवल्या. इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराच्या या फुलीच्या पट्ट्या तारांचा ताण वाटून घेतात. अमेरिकेत मार्टिन या कंपनीच्या गिटारींत त्या 1840च्या दशकापासून आढळतात. पट्ट्या मी करवतीने न कापता लाकूड फोडूनच काढल्या होत्या, म्हणजे धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. सांधे घट्ट होते, सरस चांगला होता. वडिलांनी एकदाच विचारले, “दिवाळीपर्यंत थांबला असतास तर?” मी थांबलो नाही.

नोव्हेंबरात ती गिटार पुण्याला नेली. हिवाळाभर तिच्या आवाजावर मी समाधानी होतो. एप्रिलमध्ये एका रात्री सुपारी फुटावी तसा आवाज झाला, आणि दिवा लावून पाहतो तो घोडीच्या मागून खालच्या कडेपर्यंत वीतभर लांबीची चीर सरळ रेषेत गेलेली होती. पोस्टकार्डाची कड तिच्यात सहज शिरत होती.

मे महिन्यात मी ती घेऊन घरी गेलो. काकांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “विलायती लाकूड आपल्या हवेत टिकत नाही. सागाची केली असतीस तर तुझ्या नातवाने वाजवली असती.” हे वाक्य त्यांनी त्या उन्हाळ्यात दोन लग्नांत आणि एका बारशाला सगळ्यांसमोर ऐकवले. मी गिटार खोलीतल्या खुंटीला टांगून पुण्याला परतलो.

जुलैत घरी आलो, तर चीर नाहीशी झाली होती. कुणी हात लावला नव्हता, सरस भरला नव्हता. फक्त दीड महिना कोकणातला पाऊस पडला होता. बोटाने चाचपून जागा सापडत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. मी ती तशीच काकांपुढे ठेवली. लाकूड आडव्या अंगाने ओल पिऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. चाळीस सेंटीमीटर रुंदीची तबली ऐन पावसाळ्यातून पुण्याच्या एप्रिलमध्ये नेली, तर उभ्या कापाची असूनही तिला पाच-सहा मिलिमीटर आकसायचे असते. आडव्या पट्ट्या आणि कडा तिला आकसू देत नाहीत, म्हणून ती फाटते. तीच तबली चपट्या कापाची, म्हणजे वर्षवलये पृष्ठभागाला समांतर असलेली, असती तर आकसणे जवळपास पावणेदोन पट झाले असते. लाकडाने दगा दिला नव्हता. ते आमच्या घाईचे फळ होते, आणि त्या घाईत माझा वाटा काकांएवढाच होता. काकांनी गिटार उलटसुलट करून पाहिली आणि “पावसात सगळेच फुगते” एवढे बोलून ते चहाला गेले.

चीर मी पुढे जानेवारीत सरस भरून बुजवली आणि आतून धाग्याला आडव्या अशा लहान चकत्या चिकटवल्या. ती आजही वाजते.

तुमच्या शिसवी पलंगाकडे वळतो. शिसव पाठीला आणि बाजूंना उत्तम आहे, आणि जगभर हेच लाकूड त्यासाठी नावाजलेले आहे. ब्राझीलचा शिसव मिळणे कठीण झाल्यावर 1969च्या अखेरीस मार्टिनने आपल्याकडच्या, दक्षिण भारतातल्या शिसवाकडे मोहरा वळवला. मात्र पलंग खरोखर शिसवाचा आहे की शिशम या त्याच्या उत्तर भारतातल्या भाऊबंदाचा, हे आधी पाहून घ्या. शिसवाचा भुसा जांभळट निघतो आणि त्याला गोडसर, गुलाबासारखा वास येतो. बाजूची दोन मिलिमीटरची पट्टी ओली करून तापलेल्या नळीवर दाबत वाकवताना हा वास कारखानाभर पसरतो आणि हाताला दोन दिवस राहतो. उशाकडची फळी पाठीला पुरेल; पाठीच्या एका अर्ध्याला साधारण बावन्न सेंटीमीटर लांबी आणि वीस सेंटीमीटर रुंदी लागते. बाजूंसाठी ऐंशी सेंटीमीटर लांब आणि बारा रुंद अशा दोन पट्ट्या लागतात. त्या पलंगाच्या लांब आडव्या लाकडांतून निघाव्यात. खूर कातीव कामाचे असतील तर ते तसेच ठेवा, गिटारीला त्यांचा उपयोग नाही.

परंतु शिसवामुळे आवाज येतो, असे जे दुकानदार सांगतात ते मी मानत नाही. स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने 1862 साली पाठ आणि बाजू कागदी लगद्याच्या व तबली तेवढी स्प्रूसची अशी गिटार केली, ती हेच दाखवण्यासाठी. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. 2018 साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी 52 वादकांकडून अंधूक उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे चढवून वाजवून घेतल्या. ब्राझीलचा शिसव, आपला शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड असे सहा प्रकार होते, आणि वादकांनी दिलेल्या गुणांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. हा निष्कर्ष मी काकांनाही वाचून दाखवला आहे. पणजोबांचा पलंग वापरा तो पणजोबांसाठी वापरा. आवाजासाठी पैसे घालायचे तर तबलीच्या लाकडात आणि ती तासणाऱ्या हातात घाला.

एवढे ठामपणे लिहिल्यावर काही गोष्टी मान्य करणे भाग आहे. जड लाकडाची तबली असूच शकत नाही, असे नाही. 1920च्या दशकापासून पूर्ण महोगनीच्या गिटारी निघत आल्या आहेत आणि त्यांचा कोरडा, आखूड आवाज आवडणारे लोक आहेत. तराजूवर तोललेली सागाची ती तबलीही मी वाया घालवली नाही. तिची गिटार करून काकांना दिली. तिचा खर्ज दबलेला आहे आणि स्वर लवकर विझतो, परंतु भजनात ठेका धरायला ती पुरते. तुमच्या दाराच्या सागाचीही पाठ आणि बाजू होऊ शकतात. सागात तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी, अॅसिटोनने पुसून सांधा चिकटवावा लागतो, आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे पटाशीची धार पुन्हा पुन्हा जाते. दारात जुने खिळे राहिलेले असतात, तेव्हा करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवा. तुम्ही कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल आणि गिटार वर्षभर उघड्यावरच राहणार असेल, तर मात्र प्लायवूडच्या तबलीची तयार गिटार घेणे अधिक शहाणपणाचे आहे. तिचा आवाज उणा असतो, पण ती चिरत नाही. आणि गिटार पुढेमागे परदेशी न्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शिसव ज्यात मोडतो त्या संपूर्ण डालबर्जिया वंशावर 2 जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना 26 नोव्हेंबर 2019 पासून सवलत मिळाली, सुट्या फळ्यांना ती नाही.

काम कुणाकडेही द्या, पण तबलीला पट्ट्या चिकटवण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, हवेतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असताना करायला सांगा आणि आर्द्रतामापक भिंतीला लावलेला आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा. खर्चाचा अंदाज फळ्या पाहिल्याशिवाय देता येणार नाही. पलंगाच्या उशाकडच्या फळीचे छायाचित्र इथे टाका. नक्षीच्या बाजूचे नको, करवतीने कापलेल्या टोकाचे, वर्षवलये दिसतील असे.