हस्तलिखित हाती घेण्याआधी

प्रिय मित्रा,

नववीचा वर्ग आणि शाळेचं हस्तलिखित, म्हणजे मुलांनी हातानं लिहिलेला अंक, दोन्ही एकदमच तुझ्याकडे आलं आहे. तेव्हा आधी एक सांगतो: "तुम्हाला हवं ते लिहा" असं मुलांना चुकूनही सांगू नकोस. मोकळं रान दिलं की वह्यांमधून 'पाऊस', 'माझी आई' आणि 'मी झाड बोलतोय' हेच येतं, तेही बरंचसं गाइडातलं. यात मुलांचा दोष नाही. दहावीच्या कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या पेपरात, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतल्या एकाला 8 गुण असतात. त्यासाठीचा साचा नववीतच त्यांच्या हातात बसलेला असतो. तो मोडायचा तर विषय अरुंद करावा लागतो.

'बाजार' हा विषय नको. 'बाजारातल्या एकाच विक्रेत्याचे हात' दे. सोबत बंधन घाल: सुंदर, छान, रमणीय, खूप हे शब्द वापरायचे नाहीत. सुरुवातीला सात-आठ ओळी पुरेत. 35 मिनिटांच्या तासातली 5 मिनिटं विषय समजावायला, 12 लिहायला आणि उरलेला वेळ जोडीनं वाचायला. हे लेखन वर्गातच करून घे. घरी दिलंस तर पालक तरी लिहितात, नाहीतर मोबाइल.

जोडीदारानं मत द्यायचं नाही, फक्त तीन प्रश्न विचारायचे. समज, एकीनं लिहिलं, 'भाजीवाल्या मावशी दिवसभर कष्ट करतात.' मग विचारायचं: तू त्यांना काय करताना पाहिलंस? जुडी कशानं बांधली? नखं कशी होती? दुसऱ्या खर्ड्यात असं काही येतं: 'मावशींनी मेथी मांडीवर घेतली, केळीच्या सोपटाचे दोन वेढे दिले आणि गाठ दातांनी ओढली. नखांत माती होती.' आता 'कष्ट' हा शब्द लागतच नाही, आणि हे लेकराला स्वतःलाच कळतं.

पहिल्या खर्ड्यावर लाल पेन फिरवू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेव्हाच दाखवल्या, की पुढच्या वेळी मूल खात्रीचेच शब्द वापरतं आणि लेखन आक्रसतं. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघ. संवादात घरची अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी आली तर ती तशीच राहू दे. साठ वह्या दर आठवड्याला तपासणं होणार नाही. पंधरा तपास, महिन्यात प्रत्येकाची एकदा येते.

दिवाळीच्या सुट्टीत एकच काम दे: गवंडी, शिंपी, सायकल दुरुस्तीवाला अशा कुणाशी तरी बोलून त्याच्या दहा अवजारांची नावं त्याच्याच तोंडून लिहून आणायची आणि एका कामाचा क्रमही टिपायचा. थापी, ओळंबा, घमेलं असे शब्द हाती लागले, की हुशार न समजली जाणारी मुलंही ऐटीत लिहितात.

निवड करताना शाळा हमखास चुकतात. गुणवान मुलांचंच घेतात आणि सुवाच्य अक्षराच्या चार मुलींना कारकून करून टाकतात. प्रत्येकाचं निदान अर्धं पान हवं, आणि तेही स्वतःच्या अक्षरात.

कागद ए-फोर, 100 जीएसएमचा, म्हणजे जरा जाड घे. झेरॉक्सच्या साध्या कागदावर जेल पेनची शाई मागे दिसते. लिहायचं एकाच बाजूला. डावीकडे 4 सेंटीमीटर समास सोड, नाहीतर बांधणीत शब्द जातात. चित्रं जाड कागदावर वेगळी काढून चिकटवायची. पूर्ण पाठीला पातळ गोंद लावला की पान फुगतं, म्हणून ग्लू स्टिक, आणि तीही फक्त कडांना. जलरंग आधी, ते वाळल्यावर पेन. उलट केलं तर शाई पसरते.

प्रकाशन 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी ठेव. म्हणजे शेवटचा खर्डा नाताळपर्यंत, पक्की प्रत जानेवारीत आणि 10 फेब्रुवारीच्या आत बांधणी. बांधणीआधी प्रत्येक पान स्कॅन कर, कारण नंतर पानं सपाट बसत नाहीत. बांधलेली प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात न जाता ग्रंथालयाच्या टेबलावर राहील, हे आत्ताच त्यांच्याकडून कबूल करून घे.

पहिले चार विषय ठरले की मला पाठव. एखादा फार रुंद वाटला तर लगेच कळवीन.

कळावे.