पैसे सुरू झाले, आता कागद सांभाळ
केंद्राच्या खेलो इंडिया क्रीडा योजनेत निवड झाली, झकास! पण भत्त्याचे महिन्याचे 10 हजार घरखर्चात मिसळू नकोस, वेगळं खातं ठेव. पासबुकावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळव. आडनावातल्या एका जादा 'ए'पायी पैसे लटकतात. खुराक, फिजिओ, बुटांची बिलं फाइलला लाव. पुढे टॉप्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिक पदकाच्या तयारीसाठीच्या केंद्राच्या योजनेत गेलास तर कोअर (मुख्य) गटाला दरमहा 50 हजार, डेव्हलपमेंट (उदयोन्मुख) गटाला 25 हजार. मात्र कामगिरी घसरली की नाव जातं, त्यामुळे क्रीडा कोट्यातल्या नोकरीचे अर्ज भरतच राहा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रेल्वेत नोकरी करतच 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. आणि हो, सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरला न विचारता घेऊ नकोस. त्यातलं स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळं करणारं औषध स्पर्धेच्या वेळी डोपिंग चाचणीत भोवतं.